रेघ वर गेली नाही

प्रल्हाद बाबरांना या कामातून काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. माणूस फुकट काम करायला निघाला की त्याला काय हवंय हे विचारायचं राहून जातं, आणि नेमकं तिथंच पाणी मुरतं.

पगार नव्हता. विट्याच्या बालगृहात चहा मिळायचा, तोही पातेल्याच्या तळातला. पण मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, घराबाहेर पडायला सबळ कारण मिळणार होतं. यात खरा फायदा त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा. "निवृत्त होऊन तीन वर्षं झाली," त्या शेजारणीला सांगायच्या, "तरी ह्यांचा हजेरीचा तास सुटत नाही. भाजी आणायला गेले तरी विचारतात, उशीर का झाला. आता दोन दिवस तरी दुसरं कोणीतरी हजेरी देईल."

बाबरांचा स्वतःचा फायदा जरा खोल होता. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, त्यातली शेवटची चार वर्षं वर्गात पडदा शिकवायचा आणि बाबर सर पडद्यावरची धूळ पुसायचे. मुलं पडद्याला प्रश्न विचारायची, पडदा न चिडता उत्तर द्यायचा. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, पण आपल्यावाचून कुणाचं अडतंय ही गोष्ट काही मिळाली नाही. ती त्यांना हवी होती. एकच मूल पुरलं असतं.

सरकारनं 'सोबती' योजना काढली ती अशाच माणसांच्या भरवशावर. आधाराची गरज असलेल्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. आठवड्यातून दोनदा भेट. आणि दोघांच्याही मनगटाला एकेक पट्टा.

पट्टा कशासाठी, ते बालगृहाच्या अधीक्षिका रेश्मा मुलाणी यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. निर्धास्त माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. मेंदूच्या बुडातून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असा प्रवास करणारी एक लांब नस हा लगाम धरून असते. भीती वाटली की लगाम सुटतो. मग ठोके कवायतीच्या पावलांसारखे एकसारखे आणि भरभर पडतात, कातडीला बारीक घाम येतो, मनगट अर्ध्या अंशानं गार पडतं. या तिन्हींचा मेळ घालून यंत्र एक रेघ काढायचं. शून्य ते शंभर. पंचावन्नच्या वर गेली की समजायचं, मूल भेदरलेलं आहे; खाली राहिली की पट्टा हिरवा.

"आणि मूल खोटं बोललं तर?" बाबरांनी विचारलं.

"म्हणून तर पट्टा," मुलाणी मॅडम म्हणाल्या. "जिभेला खोटं बोलता येतं सर. नाडीला कोण शिकवणार?"

यात थापा नव्हत्या. पहिल्या दोन वर्षांत या पट्ट्यानं जिल्ह्यातली एकोणीस मुलं अशा घरांतून बाहेर काढली होती, जिथं बाहेरून सगळं झकपक होतं. काही महिने वापरला की यंत्र त्या एका मुलाची प्रकृतीही शिकायचं. कुणाचं मनगट मुळातच गार, कुणाला उगाच घाम. ते सगळं ते हळूहळू हिशेबातून वजा करत जायचं. म्हणजे जितका जुना पट्टा, तितका त्याचा शब्द पक्का.

बाबरांच्या वाट्याला आली शिवन्या. दहा वर्षांची. आई गेलेली, बाप कधी नव्हताच. दोन वर्षं मामाकडे होती, कापरवाडीला. मामाची पोल्ट्री. शाळेत नाव होतं, मुलगी नव्हती. गावातल्या आशाताईंनी आरडाओरडा करून तिला इथं आणली. मामा म्हणाला, लाडानं बिघडलीय, शाळेला जातच नाही. मुलगी काहीच म्हणाली नाही. तेव्हापासून काहीच म्हणत नव्हती.

पहिल्या दिवशी ती खोलीत आली आणि तिनं पायातली एक चप्पल काढून दाराच्या फटीत ठेवली, दार लागू नये म्हणून. बाबरांनी चप्पल उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली. चौतीस वर्षांची सवय. तिनं ती परत आणून फटीत ठेवली. रेघ ब्याऐंशीवर गेली.

तीन आठवडे सर बोलले आणि ती दाराकडे बघत राहिली. चौथ्या आठवड्यात त्यांनी कंटाळून विचारलं, "बरं, कोंबडीला दात किती असतात?"

"कोंबडीला दात नसतात."

"म्हणजे तुला बोलता येतं."

"तुम्ही चुकीचं विचारलं म्हणून बोलले."

घरी येऊन त्यांनी हे सुनंदाबाईंना चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुरुस्त करणारं कुणीतरी भेटलं एकदाचं. मी बत्तीस वर्षं करतेय, त्याचं कौतुक नाही."

पुढचे चार महिने चांगले गेले. शिवन्या बोलू लागली, म्हणजे कोंबड्यांबद्दल बोलू लागली. पोल्ट्रीत कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. मामाकडे बारा हजार पक्षी. एक आजारी पडला की लगेच उचलायचा, नाहीतर बाकीचे टोचून मारतात. हे ती हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगायची. सर पाढे म्हणायचे, ती चुका काढायची. मुद्दाम केलेल्या चुका तिला लगेच कळत, आणि खऱ्या चुका काढताना ती पहिल्यांदा हसली. मंगळवारी साडेतीनलाच ती फाटकाशी येऊन उभी राहायची.

रेघ मात्र उतरत नव्हती. एकाहत्तर. अडुसष्ट. परत त्र्याहत्तर.

पाचव्या महिन्यात मुलाणी मॅडमनी त्यांना ऑफिसात बोलावलं. "सर, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. सांगलीहून साहेब येणार. रेघ पंचावन्नच्या वर राहिली तर जोडी मोडतात. मुलीला नागपूरच्या विशेष केंद्रात पाठवतील. तिथं डॉक्टर आहेत, वर्ष-वर्ष बसून मुलांच्या मनातलं बाहेर काढतात. वाईट नाही काही."

"आणि मी?"

"तुम्हाला दुसरं मूल देऊ की. मुलं काय कमी आहेत?"

बाबरांनी पुढचं फारसं ऐकलं नाही. 'साहेब येणार' एवढंच त्यांच्या कानात राहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गावर एकही शेरा आला नव्हता. त्याची एक जुनी रीत होती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मास्तर उजव्या हातांतून एक उठवणार, साहेब खूश. आणि साहेबांसमोर मास्तरांनी मोठ्या आवाजात म्हणायचं, "घाबरू नका रे, खरं खरं सांगा." पोरं ओळखून असायची, की मास्तर असं म्हणाले म्हणजे आता पढवलेलं सांगायचं. यात कुणाचं नुकसान झालं नाही असं बाबर आजवर समजत आले होते. कदाचित झालंही नसेल. तिथं पणाला फक्त शेरा असायचा.

युक्ती त्यांना स्वतःच्याच पट्ट्यात सापडली. पाढा मनात म्हणताना त्यांची रेघ उतरायची. त्यांनी निरखून पाहिलं. श्वास छोटा घेऊन लांब सोडला की ती नस लगाम ओढते, ठोके लांबतात, आणि यंत्राला वाटतं माणूस गादीवर लोळतोय. नुसत्या श्वासानं घाम थांबत नाही, पण डोकं दुसरीकडे पुरतं गुंतलं की तोही आटोक्यात येतो. तिसाचा पाढा चालत नाही. त्याला डोकं लागत नाही, भीतीला आत शिरायला फट राहते. एकोणतिसाचा चालतो.

"श्वास घेताना मनात म्हणायचं, एकोणतीस त्रिक," त्यांनी शिवन्याला शिकवलं. "आणि सोडताना, लांब, सत्त्याऐंशी. ओठ हलवायचे नाहीत."

"कशाला?"

"रेघ वर गेली तर तुला नागपूरला नेतील. मग मला येता यायचं नाही."

तिनं विचार केला. "मी केलं तर तुम्ही येणार?"

"येणार की."

"मग करते."

सुनंदाबाईंना त्यांनी हे मोठ्या हुशारीनं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या. "ताप मोजायची नळी गार पाण्यात बुडवली की ताप उतरतो व्हय?"

"तुला नाही कळायचं. हे तिच्या भल्यासाठी."

"तिच्या का तुमच्या?"

"दोघांच्या."

हे ते खरं बोलले. फक्त वाटणी कशी होती ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

मुलगी अशी शिकली की मास्तरांची छाती फुगावी. दोन आठवड्यांत साठ, महिन्याअखेर अठ्ठेचाळीस. सांगलीहून डॉक्टर देशमाने आल्या, चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या, वहीऐवजी मुलांकडे बघणाऱ्या बाई. बाबर सर मोठ्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस शिवू, मॅडमना सगळं खरं खरं सांग." आणि तिच्याकडे बघून पापणी किंचित मिटली. तिला पुरे झालं. इथं कसं वाटतं? चांगलं. मामाची आठवण येते? येते. भीती वाटते का कशाची? नाही. रेघ अडतीस.

"सहा महिन्यांत ब्याऐंशीवरून अडतीस," देशमाने म्हणाल्या. "सर, हे कसं केलंत?"

"प्रेमानं," बाबर म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

बालगृहाच्या दर्शनी बोर्डावर 'आदर्श सोबती' म्हणून त्यांचं नाव लागलं. मुलाणी मॅडमनी स्वतः, सुबक अक्षरात लिहिलं. बाबर जाता-येता चष्मा पुसण्याच्या निमित्तानं त्या बोर्डाखाली थांबत.

इथवर सगळ्यांचाच फायदा दिसतो. पण यंत्राला कौतुक कळत नाही, त्याला निकाल कळतो. मूल शांत झालं, म्हणजे मूल घरी जायला तयार झालं. मामाचा अर्ज आठ महिने पडून होता, तो आपोआप वर आला. नियम असा की, तीन शनिवार-रविवार मुलानं घरी राहायचं, पट्टा बांधून. तिन्ही वेळा रेघ खाली राहिली की कायमचं घरी.

बाबरांना वाईट वाटलं, पण स्वतःसाठी. कापरवाडी एसटीनं चाळीस मिनिटं, आपण जात जाऊ, अशी त्यांनी मनाची समजूत घालून टाकली. मामा सूरज मोहिते मुलीला न्यायला आला तेव्हा त्यानं वाकून सरांना नमस्कार केला. तिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. "सर, तुमचे उपकार आहेत. पोर माणसात आली." शिवन्या त्याच्या गाडीत पुढं बसली. पट्टा हिरवा.

दुसऱ्या शनिवार-रविवारनंतरच्या मंगळवारी ती फाटकाशी नव्हती. खोलीत बसली होती, पाठ भिंतीला लावून. दोन्ही चपला दाराच्या फटीत होत्या.

"काय गं, कसं होतं मामाकडं?"

"रेघ वर नाही गेली सर." ती त्यांच्याकडं बघत होती, शाबासकीसाठी. "एकदाही नाही."

"ते झालं. पण तिथं काय काय केलंस?"

"अंडी गोळा केली. मेलेले पक्षी उचलले. मग एक ट्रे पडला माझ्या हातून. मग खाद्याच्या खोलीत."

"खाद्याच्या खोलीत काय?"

"तिथं ठेवतो मामा. बाहेरून कडी लावतो. पहिल्यापासून तिथंच ठेवतो, काही चुकलं की. उजेड नसतो, खाद्याचा वास नाकात बसतो आणि उंदीर असतात पोत्यांत." आवाज एका पट्टीत होता. "आधी मी ओरडायची. ओरडलं की तो जास्त वेळ ठेवतो. या वेळी नाही ओरडले. पाढा म्हटला. दाहे दोनशे नव्वदपर्यंत गेले की परत एकपासून. दोनशे वेळा झाला सर. मग मोजायचं सोडलं."

बाबरांनी तिच्या पट्ट्याकडे पाहिलं. एकोणचाळीस. मग स्वतःच्या. त्यावरचा आकडा त्यांना वाचता येईना.

"सर, चांगलं केलं ना?"

बाबर उठले आणि तडक मुलाणी मॅडमच्या ऑफिसात गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. युक्ती, पाढा, पापणी, खोली. ऐकताना त्यांनी एकदाही मान हलवली नाही. मग म्हणाल्या, "तुमचं नाव बोर्डावर मीच लिहिलं सर."

"पुसा ते."

"नाव पुसणं सोपं आहे. एवढे महिने कसे पुसू? त्या यंत्रात तिची रोजची रेघ आहे. त्यात आता असं ठरलंय की ही मुलगी मुळातच शांत आहे." त्यांनी टॅब पुढं सरकवला. "हे बघा शनिवारचं. मनगट गार, घाम आहे. पण ठोके निवांत. पहिल्या महिन्यात यानं बोंब मारली असती. आता म्हणतंय, हिचं मनगट गारच असतं. पाढा धरल्यापासून तिनं इथं तुमच्यासमोर बसून त्याला हेच शिकवलं."

"मग तिचं बोलणं लिहून घ्या. तिनं मला सांगितलंय."

मॅडम लगेच उठल्या. शिवन्याजवळ खाली फरशीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला, आणि विचारलं, मामा कोंडतो का? शिवन्यानं सरांकडे पाहिलं. सर घामाघूम होऊन दारात उभे होते. तिला दिसलं ते एवढंच, की मॅडम विचारतायत, आणि सर घाबरलेत. म्हणजे तपासणी.

"नाही," ती म्हणाली. "मामा चांगला आहे."

मॅडमनी तरीही तिसरी भेट थांबवली आणि प्रकरण सांगलीला पाठवलं. हे त्यांच्या अधिकारात नव्हतं, पण केलं.

सुनावणीच्या दिवशी देशमाने बाईंनी काहीही कसूर केली नाही, हे लिहून ठेवायला हवं. मामाला त्यांनी खोलीबाहेर बसवलं. पोल्ट्रीवर माणूस पाठवून पाहिलं होतं. खाद्याची खोली होती, पोती होती, कडी होती, कुठल्याही खाद्याच्या खोलीला असते तशी. मग त्या बाबरांकडे वळल्या.

"सर, तुमच्यावर विश्वास ठेवायचा तर मला दोन गोष्टी मानायला लागतात. तेव्हा तुम्ही फसवत होता, आणि आता फसवत नाही. मी उलटं का मानू नये? मूल घरी जाताना सोबत्यांना सोडवत नाही, हे आम्ही पुष्कळदा बघतो."

"मला सोडवत नाही, हे खरं आहे," बाबर म्हणाले. "तिला नागपूरला पाठवा. मला तिचं तोंड बघायला देऊ नका. पण तिकडं पाठवू नका."

हे वाक्य देशमाने बाईंना पटलं असावं, कारण त्यांनी एक संधी दिली. "ठीक आहे. तिनं खरी रेघ दाखवली तर मी आत्ता थांबवते. तुम्हीच सांगा तिला."

शिवन्या समोर खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. बाबर तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज थरथरत होता म्हणून त्यांनी तो मोठा केला, वर्गात करत तसा.

"शिवू, घाबरू नकोस. मॅडमना सगळं खरं खरं सांग. आज पाढा म्हणू नको."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं, पण दुसरे शब्द त्यांच्याकडे नव्हते. खरं सांग हे सांगायला त्यांनी आयुष्यभर तेवढेच शब्द वापरले होते, आणि कधीही त्या अर्थानं नाही. त्यांनी तिचे खांदे धरले. "खरंच गं. खरंच सांग. माझ्याकडं बघू नको."

तिनं त्यांच्याकडेच पाहिलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पापणी मिटत उघडत होती. तिनं मान डोलावली. कळलं, अशा अर्थी. मग देशमाने बाईंकडे वळून बसली, हात मांडीवर ठेवले.

"मामा कोंडतो का तुला?"

"नाही."

"त्या खाद्याच्या खोलीत काय असतं?"

"खाद्य."

"सरांना तू काय सांगितलं होतंस?"

इथं सरांनी काही पढवलं नव्हतं; तिनं स्वतःच जुळवलं. "गोष्ट सांगितली होती. सरांना गोष्टी आवडतात."

पडद्यावर दोन रेघा होत्या. शिवन्याची छत्तीस. आजवरची सर्वांत खालची. बाबरांची शहाण्णव. यंत्रानं गेल्या काही महिन्यांच्या दोन्ही रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या, आणि निष्कर्ष काढला की मुलीची रेघ जी काही थोडीशी हलते, ती सोबत्याचा आवाज चढला की हलते. ते बरोबर होतं. सरांची मर्जी जाईल ही भीती तिला होतीच, आणि तेवढ्या एका भीतीवर पाढा शिकवलेला नव्हता. अहवालात आलं: सोबत्याच्या उपस्थितीत मुलीला ताण. जोडी तात्काळ रद्द. कुटुंबाकडे परत पाठवण्यास हरकत नाही.

बाबर नंतर पोलिसांत गेले. फौजदारानं आदरानं बसवलं, त्याच्या मुलाला सरांनी शिकवलं होतं. त्यानं तिथंच मुलीचा क्रमांक टाकून रेघ पाहिली, आणि म्हणाला, "सर, माझ्या पोरीची एवढी शांत नाही."

दीड महिन्यानं सुनंदाबाईंनीच त्यांना एसटीत बसवलं, आणि स्वतःही बसल्या. भेटायला बंदी होती, अंडी घ्यायला नव्हती. कापरवाडीच्या पोल्ट्रीवर सूरज मोहिते हसत पुढं आला. "अहो सर, या की. काकू, बसा. तुमच्यामुळंच तर पोर घरी आली." त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. चहा घेऊन आली ती शिवन्या. बारीक झाली होती. हात कोपरापर्यंत खाद्यानं पांढरे. सुनंदाबाईंना तिनं वाकून नमस्कार केला.

"शाळेत जातेस का गं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"जाते." ती म्हणाली आणि मामाकडं न बघता उभी राहिली. ओठ हलत नव्हते. गळ्याखालचा खळगा मात्र संथ, लांब, अगदी शिकवल्यासारखा वरखाली होत होता.

सूरज कप धुवायला सांगून क्षणभर आत गेला, तेवढ्यात ती सरांच्या जवळ सरकली आणि मनगट पुढं केलं. "सर, पाढ्याची आता गरज नाही लागत. आपोआप होतं." मग जरा हळू, "तुम्ही परत कधी येणार? मी सगळं केलं ना?"

मामा परत आला. त्यानं अंड्यांचे दोन ट्रे बांधून दिले. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत सुनंदाबाई ट्रे मांडीवर धरून बसल्या. विटा येईपर्यंत त्यांनी एकही टोमणा मारला नाही, आणि बाबरांना तो हवा होता.

आता कुणाला काय मिळालं. सूरज मोहितेला कामाला दोन हात मिळाले आणि हे घर चांगलं आहे असं सरकारी पत्र. डॉक्टर देशमान्यांना मिटलेलं एक प्रकरण मिळालं, आणि ते मिटलंय का अशी शंका, जी त्या कुणाला दाखवत नाहीत. मुलाणी मॅडमना अधिकाराबाहेर वागल्याबद्दल ताकीद. बाबरांना मंगळवार आणि शुक्रवार परत मिळाले. बोर्डावरचं नावही राहिलं, कारण ते पुसायचा आदेश कुणी काढला नाही, आणि मॅडमनी मुद्दाम पुसलं नाही. यंत्राला शिवन्या मिळाली. ब्याऐंशीवरून छत्तीसवर आलेली नोंद इतकी देखणी होती की राज्यभरच्या पट्ट्यांना ती नमुना म्हणून शिकवली गेली: मनगट गार असेल, घाम असेल, तरी ठोके निवांत असतील तर मूल शांत समजावं. पुढच्या सहा महिन्यांत तेरा जिल्ह्यांतून एकशे बारा मुलं घरी परत गेली. जी भीतीनं ओरडतात ती यात नव्हती, त्यांना यंत्र अजूनही ओळखतं. यात होती ती गप्प राहणारी.

किंमत यांच्यापैकी कुणी दिली नाही. ती शिवन्या देते आहे, रोज, कडी लागल्यापासून कडी निघेपर्यंत. आणि त्या एकशे बारांपैकी आणखी काही जण देत असतील. किती, हे सांगू शकेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या मनगटावर हिरवी आहे.